गहाण साज परस्पर मोडला, आता काय?

प्रश्न : वकीलबाई, लेकाच्या फीसाठी गेल्या वर्षी मी एका परवानाधारक सावकाराकडे सासूबाईंचा गळ्यातला सोन्याचा साज गहाण ठेवून ६०,००० रुपये घेतले. व्याज महिना शेकडा तीन, मुदत वर्षाची. मुदत संपून दोन महिने झाल्यावर सोडवायला गेले, तर म्हणाला, "वहिनी, डाग (दागिना) मोडला. पावतीमागं वाचा की." मागे छापलंय, 'मुदतीत न सोडविल्यास माल सूचनेशिवाय मोडला जाईल, तक्रार चालणार नाही.' मला नोटीस आलेली नाही. साज गेला तो गेलाच का?
— एक भगिनी, शिवाजी पेठ

उत्तर : तक्रार चालते, ताई. चांगली चालते. पावतीमागच्या त्या ओळीला कोर्टात काडीची किंमत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७६ प्रमाणे कर्ज थकलं तर सावकारानं एकतर दावा लावायचा आणि तोवर डाग जपून ठेवायचा, नाहीतर तुम्हाला वाजवी नोटीस देऊन तो विकायचा. ही नोटीस छापील अटीनं उडवता येत नाही. दुकानात कधी "लवकर सोडवा हं" म्हणाला असेल, तर ती नोटीस नव्हे. 'विकणार आहे' हे तुम्हाला कळलं पाहिजे.

मुदत टळली म्हणून सोडवायचा हक्कही टळत नाही. कलम १७७ नुसार प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत, थकल्यामुळं झालेला जादा खर्च भरून, तुम्ही डाग मागू शकता. म्हणून आधी त्याला लेखी विचारा : कुणाला विकला, कोणत्या तारखेला, किती वजन धरून, काय भावानं? गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मोडला असेल तर बिल असणारच. साजाच्या मण्यांत लाखेचं भरण असतं, तेव्हा निव्वळ सोनं किती धरलं आणि कस, म्हणजे सोन्याची शुद्धता, किती लावला, हेही विचारा. तुमच्या पावतीवर नुसतं 'एक साज' लिहिलंय की वजन आहे, ते आज बघून ठेवा. वजन नसेल तर घडवल्याचं जुनं बिल किंवा लग्नातला फोटो शोधा. "मीच ठेवून घेतला, हिशेब फिटला" असं तो म्हणाला, तर उलट तुमचंच काम सोपं झालं. गहाण घेणाऱ्यानं वस्तू स्वतःलाच विकणं ही विक्री नव्हे, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

आता व्याज. इथं मात्र माझं डोकं फिरतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली तारणी कर्जाचा कमाल दर शेतकऱ्याला वर्षाला ९ टक्के, इतरांना १५ टक्के. म्हणजे महिन्याला शेकडा सव्वा रुपया! शेकडा तीननं चौदा महिन्यांचे २५,२०० होतात, कायद्यानं १०,५००. मधे काही भरलं नसेल तर देणं ७०,५००. बिनानोटीस विकला असेल, तर साजाची बाजारभावानं किंमत काढून त्यातून हे वजा करा. उरेल ती तुमची मागणी. रीतसर विकला असता तरी वरचे पैसे तुम्हालाच द्यावे लागले असते.

वकिलामार्फत नोटीस पाठवा आणि सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सावकारांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात, तक्रार द्या. सोबत पावतीची झेरॉक्स. मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका, सावकाराच्या तर नाहीच. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. एक कडू गोष्ट मात्र सांगते. साज आटवला असेल, तर पैसे मिळतील, सासूबाईंचा साज नाही.

प्रश्न : फायनान्स कंपनीनं माझ्या बांगड्या लिलावात काढल्या. हेच नियम का?
— वाचक, इचलकरंजी

उत्तर : करार कायदा तोच. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपनीला राज्याचा सावकारी कायदा लागत नाही, तिला रिझर्व्ह बँकेचे नियम. लिलावाआधी तुम्हाला पुरेशी सूचना आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात हवी, त्यातलं एक मराठी. कंपनीला स्वतः बोली लावता येत नाही. लिलावाचा हिशेब लेखी मागा, आणि कंपनीनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. ती फुकट असते.