वाचकांचे प्रश्न : फाइलमधील बिघडलेल्या ओळींचे काय करावे?

प्रश्न : आमच्या दूध संस्थेच्या कार्यालयात गावोगावच्या संकलन केंद्रांकडून रोज सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) फाइली येतात. त्यांत सभासद क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धांश सोडून उरणारे घन घटक) असे रकाने असतात. एखाद्या ओळीत गडबड असली की पायथॉनमध्ये लिहिलेला माझा प्रोग्रॅम 'व्हॅल्यूएरर' दाखवून बंद पडत असे, म्हणून मी वाचनाचा सगळा भाग 'ट्राय'मध्ये घातला आणि 'एक्सेप्ट'खाली 'पास' लिहिले, म्हणजे एरर आला तरी काहीच करू नये. आता प्रोग्रॅम थांबत नाही, पण दहा दिवसांच्या बिलाची बेरीज पावत्यांशी जुळत नाही. स्वतःचे एरर वर्ग (म्हणजे स्वतः ठरवलेले एररचे प्रकार) लिहा, असा सल्ला मिळाला. त्याने नेमके काय साधते?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बेरीज न जुळण्याचे कारण तुमच्या पत्रातच आहे. वाचनाचा सगळा भाग एकाच 'ट्राय'मध्ये असल्यामुळे पहिल्या बिघडलेल्या ओळीपाशी लूप संपते आणि तिच्याखालच्या धडधाकट ओळीही न वाचताच सुटतात. कोणाचे दूध हिशेबातून गळले, याची नोंद कुठेच राहत नाही.

'ट्राय' लूपच्या आत आणून एका ओळीपुरता ठेवला, तरी नुसता 'व्हॅल्यूएरर' पकडून भागत नाही, कारण पायथॉनमध्ये त्या एका नावाखाली बरेच काही येते. फॅटच्या रकान्यात अक्षरे असली की मजकुराचा दशांश आकडा करणारा 'फ्लोट' हाच एरर देतो; फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात नसेल तर येणारा 'युनिकोडडीकोडएरर' हाही त्याचाच उपवर्ग आहे. पहिल्या प्रसंगी केंद्रावर फोन करून एक आकडा विचारायचा असतो, तर दुसऱ्या प्रसंगी अख्खी फाइल पुन्हा मागवायची असते. हा फरक प्रोग्रॅमला कळावा, एवढ्यासाठीच स्वतःचा वर्ग लिहायचा.

तुमच्या कामाला दोन वर्ग पुरतील : एक फाइल नाकारण्यासाठी आणि एक ओळ नाकारण्यासाठी. प्रत्येक रकान्यासाठी निराळा वर्ग काढण्याची हौस अनेकांना असते. परंतु पकडणारा कोड त्या सर्वांना एकाच रीतीने वागवणार असेल, तर ती नावे शोभेपुरतीच उरतात. दोन्ही वर्ग थेट 'एक्सेप्शन' या सर्वसाधारण मूळ वर्गावरून काढावेत, कारण 'व्हॅल्यूएरर'वरून काढल्यास जुन्या कोडमधील एखादा 'एक्सेप्ट' त्यांनाही गिळून टाकेल. ओळीच्या वर्गात फाइलचे नाव, ओळ क्रमांक, रकाना, फाइलमध्ये होते तसेच मूल्य आणि कारण साठवावे, आणि मूळ एररचा माग राहावा म्हणून एरर उठवणाऱ्या 'रेज'ला 'फ्रॉम' जोडावे. मग कारकुनाला इंग्रजी संदेशाऐवजी "सकाळची फाइल, ओळ ४३, रकाना फॅट, मूल्य '६..५', आकडा म्हणून वाचता येत नाही" असे दिसते आणि तो लगेच फोन लावू शकतो. (देवनागरी अंकांचे म्हणाल, तर '६.५' हे पायथॉनचा 'फ्लोट' बिनतक्रार वाचतो.)

खरी भीती एरर न देता आत शिरणाऱ्या ओळींची आहे. फाइल हाताने दुरुस्त करताना ६.५ ऐवजी ६,५ टाइप झाले की फॅट ६ होते, ५ हा आकडा एसएनएफच्या रकान्यात सरकतो आणि खरे एसएनएफ शेवटी उपरे उरते. सीएसव्हीची ओळ रकान्यांच्या नावांनिशी वाचणारा 'डिक्टरीडर' अशी उरलेली मूल्ये 'नन' ('काहीच नाही' या अर्थाचे मूल्य) या किल्लीखाली निमूटपणे ठेवून देतो, आणि रकाना कमी पडला तर त्या जागी मूल्य म्हणून 'नन' भरतो. ही दोन्ही ठिकाणे तपासून ओळ-एरर तुम्हीच उठवला पाहिजे.

तसेच 'नॅन' ('संख्या नाही' या अर्थाच्या) या अक्षरांना 'फ्लोट' वैध संख्या मानतो, आणि अशी एक ओळ सबंध बेरीज 'नॅन' करून टाकते. "फॅट २ पेक्षा कमी किंवा १२ पेक्षा जास्त असेल तर नाकारा" अशी अट लिहिली, तर 'नॅन' तीतून सहीसलामत निसटतो, कारण त्याच्याशी केलेल्या दोन्ही तुलना असत्य ठरतात. "फॅट २ ते १२ च्या दरम्यान नसेल तर नाकारा" असे उलटे लिहिले की तो अडकतो.

ओळी जनरेटरमधून (मागणीनुसार एकेक मूल्य देणाऱ्या फंक्शनमधून) 'यील्ड' करत असाल, तर ओळ-एरर त्याच्या बाहेर फेकू नका. एकदा एरर बाहेर पडला की जनरेटर संपतो आणि पुढची ओळ मागितली तरी मिळत नाही. एरर आतच पकडून नाकारलेल्या ओळींच्या यादीत टाकावा आणि ती यादी वेगळ्या फाइलमध्ये लिहावी. किती ओळी नाकारल्या गेल्या तरी काम पुढे न्यायचे, हे संस्थेच्या सचिवांनी ठरवावे. रोजच्या संकलनाच्या अहवालात दोन-चार ओळी राहिल्या तर चालेल, पण ही यादी रिकामी होईपर्यंत बिल छापू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : माझ्याकडे जेसन (नोंदी मजकूररूपात मांडण्याची एक रचना) फाइली येतात. एक स्वल्पविराम राहिला तरी पूर्ण फाइल नाकारली जाते. उरलेल्या नोंदी वाचवता येतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : भरवशाने नाही. जेसन वाचता न आल्यास पायथॉन देतो तो 'जेसनडीकोडएरर' ओळ आणि स्तंभ दोन्ही सांगतो. ते तुमच्या फाइल-एररमध्ये उतरवून घ्या. मात्र तो दाखवतो ती वाचन अडल्याची जागा असते, आणि सुटलेला स्वल्पविराम बहुधा तिच्या वरच्या ओळीत सापडतो. पहिल्याच अक्षराला तक्रार आली, तर फाइलच्या आरंभी बीओएम या एन्कोडिंगच्या खुणेचे तीन अदृश्य बाइट असण्याची शक्यता आहे. डिसेंबर २०१७ च्या आरएफसी ८२५९ या जेसनच्या मानकानुसार जेसन पाठवताना ते जोडायचे नसतात, तरीही काही प्रोग्रॅम जोडतात. 'यूटीएफ-८-सिग' या एन्कोडिंगने फाइल उघडल्यास ते गळून पडतात. पाठवणाऱ्यावर तुमचा शब्द चालत असेल, तर एका ओळीत एक नोंद अशा रचनेची जेसन फाइल मागा. मग वर सांगितलेली ओळ नाकारण्याची रीत तिलाही लागू होईल.