कूलंट कमी होतंय पण थेंब दिसत नाही? आधी गळती शोधा, मग पार्ट घ्या

तुम्ही लिहिलंय की 2014 ची डिझेल गाडी आहे, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेत, बाटलीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) दर पंधरा दिवसांनी मिनच्या खुणेखाली जातं आणि गाडीखाली थेंबही दिसत नाही. एक गॅरेजवाला रेडिएटर बदला म्हणतो, दुसरा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय म्हणतो. माझं ऐकाल तर दोघांनाही सध्या थांबवा. कूलंट कुठून जातंय ते डोळ्यांनी दिसेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

हे पोळल्यावर आलेलं शहाणपण आहे. काही वर्षांपूर्वी चिपळूणहून कऱ्हाडला येताना कुंभार्ली घाट चढत होतो आणि टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. घरी आल्यावर एका गॅरेजच्या सांगण्यावरून सरळ नवा रेडिएटर बसवला. महिनाभरात बाटली पुन्हा रिकामी. शेवटी गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च मारला आणि वॉटर पंपाच्या पोटाखालचं मुगाएवढं भोक सापडलं. त्याच्या खाली फिकट गुलाबी, मिठाच्या पापुद्र्यासारखी बोटभर रेघ होती. नखाने खरवडली तर भुगा पडला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार झाला होता.

थेंब का दिसत नाही, तेही समजून घ्या. रेडिएटरच्या किंवा बाटलीच्या कॅपवर 0.9, 1.1 असा आकडा असतो. तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, बारमध्ये. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यातलं साधं पाणी 100 अंशांना उकळतं, पण 1.1 बारच्या कॅपखाली तेच पाणी 120 च्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. म्हणजे गाडी गरम असते तेव्हाच आत दाब असतो, आणि बारीक गळती तेव्हाच होते. बाहेर आलेलं कूलंट तापलेल्या इंजिनवर पडून तिथेच वाळतं. पाणी उडून जातं, मागे रंगीत पापुद्रा राहतो. म्हणून जमिनीवर शोधू नका, इंजिनवर शोधा.

सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, बॉनेट उघडून टॉर्च घ्या. गरम असताना कॅपला हात लावायचा नाही. उसळून आलेल्या कूलंटने चेहरा भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. प्रत्येक होजच्या (रबरी नळीच्या) टोकाला क्लिपच्या मागेपुढे पाहा, होज दाबून पाहा. चांगला होज लवचिक लागतो. संपलेला एकतर भाकरीसारखा कडक होतो नाहीतर तेल पिऊन फुगतो. मग रेडिएटरची ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी जिथे दुमडून जोडलेली असते तो सांधा, थर्मोस्टॅटचं (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेचं) प्लॅस्टिकचं एल्बो, आणि शेवटी पंपाचं ते भोक. त्या भोकाला वीप होल म्हणतात आणि ते मुद्दामच ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं, म्हणून. लोक ते एम-सीलने बुजवतात. कृपा करून तसं करू नका.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर प्रेशर टेस्ट करून घ्या. कॅपच्या जागी हातपंप लावतात, कॅपवर लिहिलाय तेवढाच दाब भरतात आणि पंधरा-वीस मिनिटं काट्याकडे बघतात. इंजिन थंड असल्यामुळे आता थेंब वाळत नाही, सापडतो. त्याच यंत्रावर कॅपही तपासायला सांगा. कॅपचं रबर चिरलं असेल तर दाब टिकत नाही आणि कूलंट वाफ होऊन निघून जातं. काही शे रुपयांची ही वस्तू कुणाला आठवत नाही.

आतल्या गळतीच्या खुणा वेगळ्या. गाडीत बसल्यावर गोडसर वास, काचेवर चिकट धुकं आणि डाव्या सीटसमोरचं कार्पेट ओलं असेल तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर. (एसीचं पाणीही गाडीखाली पडतं, पण ते स्वच्छ असतं, त्याला वास नसतो.) हेड गॅस्केटचा संशय असेल तर थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा होतो का, बाटलीत सतत बुडबुडे येतात का, ऑइलला दुधाळ रंग आलाय का, हे बघा. आणि तुमची डिझेल आहे म्हणून मुद्दाम सांगतो: ईजीआर कूलर (इंजिनात परत फिरवलेला धूर कूलंटने थंड करणारा भाग) आतून फुटला तरी कूलंट गुपचूप सायलेन्सरवाटे जातं आणि पांढरा धूर येतो. लक्षण हेड गॅस्केटसारखंच. हेड उघडण्याआधी तो तपासून घ्या, नाहीतर मोठा खर्च वाया जाईल.

रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक बंद करायची पावडर टाकायचा सल्ला मिळेल. घाटात रात्री अडकलात आणि गावापर्यंत पोहोचायचंय, एवढ्यापुरतं ठीक. कायमचा इलाज म्हणून टाकलीत तर गाळ हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत बसतो. थर्मोस्टॅट काढून टाका म्हणणाऱ्याकडेही पुन्हा जाऊ नका. इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त खातं, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

आता पार्ट. सगळंच शोरूमचं घ्या असं मी म्हणत नाही. पंप, थर्मोस्टॅट आणि कॅप यांत मात्र तडजोड नको. गाडीच्या कंपनीचा जेन्युइन घ्या, किंवा कंपनीला जो पुरवठादार माल देतो त्याच्याच डब्यातला. रेडिएटर आणि होज नावाजलेल्या आफ्टरमार्केट कंपनीचे चालतात. चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे पंप बदलतो. पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या बाजारात जाणार असाल तर जुना पार्ट पिशवीत घेऊन जा आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवा. बोल्टची भोकं, पंपाच्या आतल्या पंख्याच्या पात्यांची संख्या, ओतकामाच्या कडा बघा. पंपाची पुली हाताने फिरवा. खरखर लागली किंवा दांडा हलला तर परत करा. रेडिएटर उचलून पाहा, डुप्लिकेट बहुतेक वेळा हलका लागतो. होजवर पार्ट नंबर छापलेला किंवा उठावाचा असावा. डब्यावर एमआरपी, महिना-वर्ष आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता नसेल, किंवा दुकानदार पक्कं बिल द्यायला कुरकुर करत असेल, तर दुसरं दुकान बघा.

होज बदलताना मूळच्या स्प्रिंगच्या क्लिपा टाकून देऊ देऊ नका. गरम-थंड होताना त्या होजबरोबर सैल-घट्ट होतात. स्क्रूच्या क्लिपला ते जमत नाही आणि ती जास्त आवळली की होज कापते.

कूलंट रंग बघून घेऊ नका. हिरवा, गुलाबी हे फक्त रंग आहेत, आतलं रसायन वेगळं असू शकतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार घ्या. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर डिस्टिल्ड वॉटरच मिसळा, बोअरचं पाणी अजिबात नको, त्याचा क्षार आत बसतो. आणि काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

काम झाल्यावर कूलंटच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायला सांगा, नाहीतर नवा पार्ट घालूनही गाडी तापेल. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पातळी बघा आणि बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवा. प्रेशर टेस्ट झाली की काटा किती मिनिटांत किती खाली आला ते लिहा, आणि पंपाचा फोटो खालच्या बाजूने काढा. वरून काढलेल्या फोटोत ते भोक दिसत नाही.