गाडी चालेलही, पण फ्लॅट तिच्या भरवशावर का?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझं छोटं प्रेस शॉप आहे, पत्रा दाबून पार्ट काढतो. वय 47. आम्ही ज्या टियर वन कंपनीला (कार कंपनीला थेट माल देणाऱ्या) सीटचे ब्रॅकेट देतो, तिने एका नव्या स्वस्त, छोट्या फॅमिली कारचे चार पार्ट देऊ केले आहेत. महिन्याला 8,000 गाड्यांचा अंदाज आहे. त्यासाठी 250 टनी प्रेस (48 लाख) आणि डाय म्हणजे पार्टांचे साचे (14 लाख) मी करायच्या. फ्लॅट तारण ठेवून 45 लाखांचं कर्ज काढायचं आणि मुलीच्या शिक्षणाची 17 लाखांची एफडी मोडायची, असा विचार आहे. सगळा खर्च जाऊन गाडीमागे 22 रुपये सुटतील, शिवाय डायच्या वसुलीचे 7 रुपये. उडी मारू का?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या एकाच आकड्याभोवती मी लाल पेनाने गोल केला : 8,000. पत्रा, वीज, पगार, सगळं तुमच्या वहीतलं आहे आणि तुमची वही चोख दिसते. 8,000 मात्र दुसऱ्याच्या प्रेझेंटेशनमधले आहेत, आणि गहाण पडणार आहे ते तुमचं घर.

आधी तुमचंच गणित. 45 लाख, साडेदहा टक्के, पाच वर्षं धरली तर हप्ता सुमारे 96,700 रुपये. त्याला 22 ने भागा. महिन्याला 4,400 गाड्या निघाल्या तर फक्त हप्ता निघतो, तुमच्या हाती शून्य. म्हणजे अंदाज निम्म्यावर आला की पदरचे घालायची वेळ.

निम्म्यावर येतो का? टाटांची नॅनो आठवा. जानेवारी 2008 मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती दाखवली, तेव्हा तिच्या यशाबद्दल शंका घेणारा वेड्यात निघाला असता. 2009 मध्ये नोंदणी उघडल्यावर दोन लाखांवर लोकांनी पैसे भरले. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या हिशेबाने उभा राहिला. तिचं सर्वांत चांगलं वर्ष 2011-12, आणि त्यात गाड्या खपल्या सुमारे 74,500. पुढच्या वर्षी 54 हजारांच्या आसपास, त्याच्या पुढच्या वर्षी 21 हजार. हेच आकडे तुमच्या शेडमध्ये आणून ठेवा. पहिल्या वर्षी महिन्याला 1 लाख 36 हजार सुटतात, मजा आहे. दुसऱ्या वर्षी 99 हजार, हप्ता जेमतेम भागतो. तिसऱ्या वर्षी 39 हजार, म्हणजे दर महिन्याला 58 हजार घरातून. आणि हे सर्वांत चांगल्या वर्षापासून मोजलं, बरं का.

नॅनो वाईट होती म्हणून पडली, असं मला वाटत नाही. आतली जागा पाहून लोक चकित व्हायचे. पण सुरुवातीच्या मॉडेलची डिकी बाहेरून उघडायची नाही, सामान मागच्या सीटवरून टाकावं लागे. बेस मॉडेलला एसी नव्हता. आगी लागल्याच्या बातम्यांनी आणखी घात केला. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे तिच्यावर ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्का बसला. तो शिक्का भोवला हे रतन टाटांनीही पुढे मान्य केलं होतं. आपल्याकडे माणूस गाडी स्वतःला नेण्याआणण्यासाठी घेतो तितकीच ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावण्यासाठीही घेतो. गेल्या दिवाळीत मावसभावाबरोबर गाडी बघायला गेलो होतो. नवी छोटी गाडी बजेटमध्ये बसत होती. वहिनींनी दार उघडलं, लावलं, परत लावलं. ‘डब्यासारखा आवाज येतो’ एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी सहा वर्षं जुनी, एक नंबर मोठी गाडी पक्की केली. स्वस्त नव्या गाडीची खरी स्पर्धा या सेकंडहँड गाडीशी आहे, आणि ती तुमच्या ग्राहकाच्या प्रेझेंटेशनमध्ये बहुतेक नसणार.

म्हणून छोटी गाडी संपली, असंही नाही. 2024-25 मध्ये देशात सर्वाधिक खपलेली कार वॅगनआर होती, जवळपास दोन लाख. 2015 मध्ये आलेली क्विड 2 लाख 57 हजारांपासून मिळायची, पण उंच, एसयूव्हीसारखी दिसायची, आणि लोकांनी ती दिसण्यावरच घेतली. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. मोटरसायकलवाल्या कुटुंबाला चारचाकी पुन्हा टप्प्यात वाटू लागली आहे. तेव्हा ही गाडी चालूही शकते. माझं मत विचाराल तर, किमतीची जाहिरात न करता स्वस्त राहिली तर चालेल. पण ते ठरवणं ना तुमच्या हातात, ना माझ्या.

तुमच्या हातात आहे तो करार. डाय त्या गाडीशिवाय कशाच्याही उपयोगाच्या नाहीत, उद्या भंगाराच्या भावाने जातील. 7 रुपयांप्रमाणे 14 लाख वसूल व्हायला दोन लाख गाड्या लागतात. त्यांना सांगा, ‘डायची वेगळी पीओ, म्हणजे लेखी खरेदी ऑर्डर, द्या; डाय तुमच्या कंपनीच्याच मालकीच्या राहू देत.’ नाहीच म्हणाले तर 30 महिन्यांत दोन लाखांचा आकडा गाठला नाही तर उरलेली रक्कम एकरकमी देऊ, हे लिहून घ्या. 8,000 वर त्यांचा एवढा विश्वास असेल तर सही करायला हरकत नसावी! तोंडी ‘शेड्यूल येईल हो’वर एक रुपयाही लावू नका.

प्रेसचं वेगळं आहे. ती उद्या दुचाकीचे, ट्रॅक्टरचेही पार्ट काढेल. पण तिची एक शिफ्ट भरेल एवढं दुसरं काम आज हातात आहे का? नसेल तर पहिले सहा-आठ महिने शेजारच्या एखाद्या रिकाम्या प्रेसवर स्ट्रोकच्या दराने, म्हणजे प्रेसच्या दर ठोक्यामागे पैसे देऊन, काम काढा. 22 चे 12-13 होतील, होऊ देत. गाडी रस्त्यावर किती दिसते ते तोवर कळेल.

मशीन घ्यायची वेळ आलीच तर बँकेत सीजीटीएमएसईच्या, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी हमी योजनेच्या, हमीखाली कर्ज मागा. तारण नको, वार्षिक फी पडते. मॅनेजर फ्लॅटचा विषय काढतीलच, कारण त्यांना ते सोपं. तुम्ही ठाम राहा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर 45 दिवसांत पैसे मिळण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे, तोही करारात येऊ द्या.

एफडीला हात लावू नका. मुलगी कितवीत आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण फीची तारीख गाडीच्या खपासाठी थांबत नाही.

एक राहिलं. चार पार्ट कापून उरणारा पत्रा, म्हणजे स्क्रॅप, कोणाचा, हे पत्रात कुठेच नाही. तुमच्या 22 रुपयांत तो धरला असेल आणि ग्राहक उद्या ‘स्क्रॅप आमचा’ म्हणाला तर वरचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागेल. आधी ते विचारून घ्या, मग मला नवे आकडे पाठवा.