लेफकाडाची बोट, कोथरूडची पॉलिसी

कोथरूडच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ५४, खासगी कंपनीत नोकरी, निवृत्ती ५८ व्या वर्षी. महिना १ लाख ६० हजार हातात येतात, घरखर्च ७० हजारांच्या आसपास, मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पीएफ ५२ लाख, इक्विटी फंडांत १८ लाख, एफडीत १४ लाख. घराचं कर्ज फिटलेलं. पुढच्या सप्टेंबरात लग्नाला २५ वर्षं होतायत, म्हणून शाळेतले चार मित्र बायकांसह ग्रीसला जाऊन आठवडाभर बोट भाड्याने घेणार आहेत. त्यातला एक मित्र लंडनला असतो, त्याच्याकडे बोट चालवण्याचं सर्टिफिकेट आहे. आयोनियन बेटं ठरलीयत. लेफकाडाहून निघायचं, मेगानिसी, इथाका, केफालोनिया करून परत. प्रश्न एवढाच: "माझ्या वाट्याला चार लाख येतील. एफडी मोडू, फंड विकू की गोल्ड लोन घेऊ?"

आणि मग, पत्राच्या शेवटाकडे, जाता जाता: "पुढे अशी ट्रिप दरवर्षी फुकटच होणार आहे. एफडी रिन्यू करायला गेलो तेव्हा बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने गॅरंटीड इन्कम प्लॅन दिला. सहा लाख प्रीमियम, तोही दहाच वर्षं, आणि दुसऱ्या वर्षापासून दरसाल १ लाख ८० हजार टॅक्स-फ्री. पॉलिसी ११ तारखेला मेलवर आली."

"दहाच" मधला तो "च" वाचून मी चहाचा कप खाली ठेवला.

बोटीचं नंतर बोलू. ११ तारखेला पॉलिसी आली, आज १ तारीख, म्हणजे वीस दिवस झाले. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. पूर्वी बहुतेक पॉलिसींना १५ दिवसच मिळायचे, २०२४ पासून ३० केले. तुमच्याकडे दहा दिवस आहेत, त्यात एक रविवार नक्की आणि बँकेतल्या साहेबांचे चार फोन नक्की. म्हणून हे उत्तर इथे येण्याआधीच मी तुम्हाला मेल केली आहे. इथे लिहितोय ते बाकीच्यांसाठी, कारण महिन्याला अशी दोन-तीन पत्रं येतात.

आता हिशेब. तुम्ही ५४ चे. एक हप्ता भरलात. ५५, ५६, ५७ ला आणखी तीन, तेही पगारातून. महिन्याला ५० हजार, म्हणजे पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. समजा भरलेत. ५८ ला पगार बंद. पण प्रीमियम चालूच. आणखी सहा हप्ते उरतात, म्हणजे ३६ लाख. ते कुठून येणार? पीएफमधून. ज्या पैशावर म्हातारपण काढायचं त्यातून दरसाल सहा लाख काढायचे, विमा कंपनीला द्यायचे आणि तिच्याकडून १ लाख ८० हजार "इन्कम" म्हणून घ्यायचे. आवळा देऊन कोहळा काढतात तो असा. ज्याने ही पॉलिसी विकली त्याने फॉर्मवर तुमची जन्मतारीख स्वतःच्या हाताने लिहिली आहे. चार वर्षांनी पगार थांबणार हे त्याला कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

परतावा पाहू. तुम्हाला त्यांनी सांगितलं, "सहा लाखांवर १ लाख ८० हजार, म्हणजे तीस टक्के." हे वाक्य पहिल्या हप्त्यापुरतंही खरं नाही, कारण पैसे मिळायला लागेपर्यंत दोन हप्ते गेलेले असतात, आणि दहा हप्ते भरून झाल्यावर ते साठ लाखांवर १ लाख ८० हजार होतात. तीन टक्के. शेवटी, २५ व्या वर्षी पॉलिसी संपताना, एकरकमी ७२ लाख. त्या वेळी तुम्ही ७९ चे असाल. सगळं धरून मी एक्सेलमध्ये टाकलं तर साडेचार टक्क्यांच्या किंचित आत बसतं. आणि हे चांगल्या बाजूचं चित्र. तुम्ही जोडलेल्या इलस्ट्रेशनच्या, म्हणजे फायद्याच्या अंदाजाच्या पानावर दोन रकाने आहेत, एक कंपनीच्या गुंतवणुकीला चार टक्के सुटतील असं धरलेला, एक आठ टक्के धरलेला. मॅनेजरने पिवळ्या हायलायटरने रंगवलाय तो आठचा. चारच्या रकान्यात तेच इन्कम १ लाख १० हजार आहे, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की बोनस गॅरंटीड नाही. "गॅरंटीड" हा शब्द फक्त पॉलिसीच्या नावात ठळक आहे.

टॅक्स-फ्रीचं तर विचारूच नका. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पारंपरिक पॉलिसींचा वर्षाचा एकूण प्रीमियम पाच लाखांवर गेला की त्यावरचा फायदा करपात्र होतो. मृत्यूनंतर वारसाला मिळणारी रक्कम तेवढी सुटते. तुमचा प्रीमियम सहा लाख आहे. पाचची रेघ विकणाऱ्याला माहीत नसेल तर तो नालायक, माहीत असून सांगितली नसेल तर काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

याऐवजी काय? काही हुशारी करायची गरज नाही. तेच सहा लाख फक्त नोकरी आहे तोवर, चार हप्ते, साध्या एफडीत सात टक्क्यांनी गेले तर ५८ ला साधारण २८ लाख होतात. निवृत्तीनंतर ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. पंचावन्नच्या पुढे निवृत्त होणाऱ्याला साठीची वाट न पाहता खातं उघडता येतं, फक्त निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आणि त्या पैशांच्या मर्यादेत. २०२३ पासून तिथे ८.२ टक्के आहे, तेव्हा जो असेल तो असेल. आजच्या दराने वर्षाला २ लाख ३० हजार व्याज. करपात्र आहे, मान्य. पण ३६ लाखांचे हप्ते डोक्यावर नाहीत, आणि २८ लाख मुद्दल तुमच्या नावावर.

म्हणून आजच हे करा. विमा कंपनीला मेल पाठवा. बँकेला नाही, कंपनीला. बँक फक्त विक्रेती. पॉलिसी नंबर, "फ्री-लूक कालावधीत पॉलिसी रद्द करत आहे, अटी मान्य नाहीत" एवढं एक वाक्य, कॅन्सल्ड चेक सोबत. शिवाय कंपनीच्या पुण्यातल्या शाखेत तेच पत्र देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. मेडिकलचा खर्च, स्टॅम्प ड्यूटी आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा खर्च कापून बाकी सगळे परत येतात. मॅनेजर म्हणेल, "सर, एक वर्ष थांबा, मग बघू." थांबू नका. म्हणेल, "माझं टार्गेट आहे." त्याच्यासाठी वाईट वाटून घ्या, पण मेल पाठवा. टोलवाटोलवी झाली तर कंपनीचा तक्रार विभाग, मग विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल, मग लोकपाल. विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यातच आहे.

याला लागूनच एक. पत्रात आरोग्यविम्याचा उल्लेख "कंपनीचा आहे" एवढाच. तो ५८ ला कंपनीबरोबर जाणार. तुम्हाला बीपी आहे असं तुम्हीच लिहिलंय. स्वतःची नवी पॉलिसी घेतली की आधीच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. आज घेतलात तर ५७ ला ते संपतं, ५८ ला घ्यायला गेलात तर ६१ पर्यंत बीपीशी संबंधित काही निघालं की खिशातून. दोघांचा मिळून जो प्रीमियम येईल तो त्या सहा लाखांपुढे किरकोळ आहे.

आता बोट.

चार लाखांत नाही होणार, साडेपाच धरा. युरो शंभर रुपयांना धरतो, डोक्यात हिशेब सोपा जातो. तुम्ही वर पाच-सात टक्के ठेवा. आठ जण आणि चार केबिन म्हणजे ४०-४२ फुटी कॅटामरान, दोन सांगाडे जोडलेली बोट. सप्टेंबरात आठवड्याचं भाडं सात हजार युरो धरू. एकाच सांगाड्याची बोट बरीच स्वस्त पडते, पण ती वाऱ्यात कलते, आणि पन्नाशीतली आठ माणसं कललेल्या स्वयंपाकघरात पोहे करतायत हे चित्र मला काही बरं दिसत नाही. त्यावर सफाई, चादरी, कागदपत्रांचे पाचशे, डिझेलचे तीनशे, जेवणखाणाची सामायिक किटी २२०० आणि स्किपर, म्हणजे बोट चालवणारा पगारी माणूस, १५००. झाले साडेअकरा हजार, जोडप्यामागे २९००. म्हणजे २ लाख ९० हजार. विमानं दोघांची १ लाख ३० हजार. शेंगेन व्हिसाचे माणशी ९० युरो, व्हिसासाठी सक्तीचा प्रवासविमा, अथेन्सच्या दोन रात्री, अथेन्सहून लेफकाडाची पाच-सहा तासांची बस, आणि बायको म्हणेल ते.

बेटं मात्र चांगली निवडलीत. बरेच जण फोटो पाहून मिकोनोस-पॅरोसकडे, सायक्लेड्सला जातात. तिथे जुलै-ऑगस्टात मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटला की दोन-तीन दिवस बंदरात बसून भाडं भरायचं. आयोनियनला दुपारी वायव्येचा वारा येतो, बहुतेक दिवस संध्याकाळी पडतो. शिवाय कित्येक टावेर्नांचे, म्हणजे तिथल्या खाणावळींचे, स्वतःचे धक्के आहेत, तिथे जेवलात तर रात्रभर बोट बांधायचं भाडं घेत नाहीत.

मी स्किपर धरला ते बघून लंडनचा मित्र रागावेल. रागावू दे. ग्रीसमध्ये विनास्किपर बोट घ्यायला एकाचं सर्टिफिकेट आणि जोडीला बोटीचा अनुभव असलेला दुसरा माणूस लागतो. तुमच्यात दुसरा कोण? तिथे बोट धक्क्याला लावायची रीतही आपल्याला सवयीची नाही. नांगर पुढे टाकायचा आणि बोट उलटी, पाठीने धक्क्याकडे न्यायची, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या बोटी, मधे हातभर जागा, वारा आडवा. खरचटतं ते तिथेच. आणि खरचटलं की डिपॉझिटमधून जातं. फक्त स्किपर झोपणार कुठे ते आधी विचारा. चारही केबिन तुम्ही घेतल्यात. काही बोटींना पुढच्या टोकाला, वरच्या झाकणातून उतरायची एक चिंचोळी खोली असते, काहींना नसते. नसेल तर तो बैठकीत झोपतो आणि सकाळी सहाला तुमच्या चहाच्या भांड्यांना जागा होतो.

पैसे पाठवायचं तुम्ही जे लिहिलंय, की मित्र तिकडे पौंडात भरेल आणि तुम्ही त्याच्या आईला सदाशिव पेठेत रुपये द्याल, ते करू नका. घरोघरी चालतं, तरी परकीय चलनाच्या फेमा कायद्यात बसत नाही. तुमचा वाटा बँकेतून ए-टू फॉर्म भरून पाठवा. वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तुमचं कुठे अडत नाही. इथल्या टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर वर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेतील. तो खर्च नाही, रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

बुकिंगला साधारण निम्मे पैसे आधी द्यावे लागतात, उरलेले निघण्याच्या महिना-दीड महिना आधी. व्हिसाचा अर्ज मात्र प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. म्हणजे पहिला हप्ता व्हिसा हातात नसताना जातो. रद्द केल्यास किती परत येतं ती ओळ चौघांनी वाचा, फक्त लंडनवाल्याने नाही.

एफडी, फंड की सोनं? तिन्ही नको. विमा कंपनीकडून सहा लाखांतले जे परत येतील त्यातून जा. मग वरच्या हिशेबातला एक हप्ता कमी होतो. २८ च्या जागी साडेवीस लाख, आणि व्याज १ लाख ७० हजारांच्या आसपास. मॅनेजरने चांगल्या रकान्यातून दाखवलेल्या आकड्यापेक्षा दहा हजारांनी कमी, ग्रीस करून आल्यावर. दरवर्षी मात्र जमणार नाही. २०१५ साली युरो सत्तरच्या आसपास होता, आज शंभराला आलाय, आणि तुमचे १ लाख ८० हजार २५ वर्षं १ लाख ८० हजारच राहणार होते.

डिपॉझिटचं राहिलं. कॅटामरानला चार-पाच हजार युरो क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, बोट सोडताना तपासून मोकळे करतात. चार-पाच लाख रुपये झाले. ते कोणाच्या कार्डावर अडकणार आणि त्या कार्डाची लिमिट तेवढी आहे का, हे चौघांनी आत्ताच ठरवा. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, सामान धक्क्यावर ठेवून, हे कळायला नको.