अँटीबॉडी असूनही व्हायरस एका पेशीतून दुसऱ्या पेशीत कसा काय जातो?

तुम्ही विचारलंय की रक्तात अँटीबॉडी असताना व्हायरस शेजारच्या पेशीत पोचतोच कसा, बाहेर पडल्या पडल्या पकडला जायला हवा ना. हेच वाक्य मला एकदा ऐकवलं गेलंय, तेही माझी चूक काढायला, म्हणून लिहायला बसले.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी हर्पिस सिम्प्लेक्सवर, म्हणजे ओठांवर फोड आणणाऱ्या व्हायरसवर, काम करत होते. सहा वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये व्हेरो पेशींचा (लॅबमध्ये वाढवलेल्या माकडाच्या पेशींचा) थर, त्यावर तासभर व्हायरस, मग तो धुऊन टाकायचा आणि तीन वेलमध्ये साधं मीडियम (पेशींचं पोषक द्रव), तीनमध्ये अँटीबॉडी घातलेलं. तीन दिवसांनी फॉर्मॅलिन घालून क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाने रंगवलं, नळाखाली धुतलं आणि प्लेट उजेडाकडे धरली. व्हायरसने पेशी मारल्या की तिथे रंग बसत नाही, भोक दिसतं. साध्या मीडियममध्ये थराची पार चाळण झालेली, भोकं एकमेकांत मिसळलेली. पण अँटीबॉडीवाल्या वेलमध्येसुद्धा भोकं होतीच! सुटी सुटी, गोल, जांभळ्या थरात टाचणीच्या डोक्याएवढी. सर एका नजरेत म्हणाले, अँटीबॉडी टाकायला विसरलीस, परत कर. मी तीनदा परत केलं, तीनदा तेच आलं, आणि शेवटी तो भाग रिपोर्टमधून काढायला लावला. पुढे कधीतरी जुने पेपर वाचताना कळलं की हर्पिसचे प्लाक (हीच भोकं) मोजायला लोक मुद्दाम मीडियममध्ये माणसाच्या रक्तातल्या अँटीबॉडी मिसळतात, म्हणजे सुटा व्हायरस लांब जाऊन नवीन भोकं पाडत नाही आणि मोजणी नीट होते. मी जे चूक म्हणून खोडलं ती लोकांची रोजची पद्धत होती. तो राग अजून गेलेला नाही.

तर कसा जातो? अँटीबॉडी पकडते ती बाहेरच्या पाण्यात आलेल्या व्हायरसला. हर्पिसचा सगळा व्हायरस तिकडे येत नाही, बराचसा दोन पेशी जिथे एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात नेमक्या त्या फटीत तो सोडला जातो आणि लगेच पलीकडे शिरतो. त्याला तिकडे वळवायला जीई आणि जीआय ही प्रथिनांची जोडी लागते, जीई काढून टाकलं की भोकं एकदम बारीक पडतात. बाकीच्यांच्या तऱ्हा वेगळ्या. गोवर आपलं प्रथिन पेशीच्या कातडीवर आणून शेजारच्या पेशींना एकमेकींत विरघळवतो, खूप केंद्रकांची एकच भली मोठी पेशी होते, त्यामुळे त्याला बाहेर पडायचीच गरज उरत नाही (आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या व्हायरसच्या नावातलं सिन्सिशियल म्हणजे हेच). व्हॅक्सिनिया, देवीच्या लशीतला व्हायरस, पेशीच्याच अ‍ॅक्टिनची (आतल्या तंतूंच्या प्रथिनाची) शेपटी बनवून घेतो आणि तिच्या जोरावर शेजारणीत ढकलला जातो. एचआयव्हीत बाधित टी पेशी (रोगप्रतिकार करणारी पांढरी पेशी) निरोगी टी पेशीला चिकटते, त्या जागी कण गोळा होतात आणि तिथल्या तिथे सोपवले जातात, त्या जोडाला व्हायरोलॉजिकल सिनॅप्स म्हणतात. असाच जोड एचटीएलव्ही-१ या टी पेशींतच राहणाऱ्या दुसऱ्या व्हायरसमध्ये २००३ साली दाखवला गेला, तो व्हायरस तर सुटा असताना जवळपास निकामीच असतो.

तुम्ही लॅबमध्ये असाल तर एक सांगते. नको असलेलं उत्तर आलं की पहिल्यांदा कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) बघा, आणि कंट्रोल बरोबर असेल तर कोणाच्याही सांगण्यावरून वहीतलं पान फाडू नका. माझ्या साध्या वेलची चाळण आणि अँटीबॉडीच्या वेलमधली सुटी भोकं हा फरकच सांगत होता की अँटीबॉडी टाकलेली होती. मी टाकलीच नसती तर सहाही वेल सारखे दिसले असते, इतकी साधी गोष्ट होती.

हो, यावरून अँटीबॉडी फुकट असते असं मात्र समजू नका. माझी प्लेट म्हणजे शरीर नाही, शरीरात बाधित पेशीच मारून टाकणाऱ्या टी पेशीही असतात. आणि व्हायरस पहिल्या पेशीत शिरायच्या आधी अँटीबॉडी हजर असली तर ती फार मोठं काम करते. रेबीजचा व्हायरस एका चेतापेशीतून दुसऱ्या चेतापेशीत जात मेंदू गाठतो, म्हणून इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडी) थेट जखमेत आणि जखमेभोवती देतात, व्हायरस चेतापेशीत शिरायच्या आत.

आणि सर, कधी वाचलंत हे तर, चारही प्लेटचे फोटो तारखांसकट माझ्याकडे आहेत.