बंद ठेवायचा तर अख्खा दिवस

इंग्लंडमधल्या स्विंडनहून एका भावांचं पत्र आलंय. मूळचे गोव्यातल्या डिचोलीचे, पेशाने प्लंबर, बॉयलरचंही काम करतात. धंदा स्वतःचा, व्हॅन स्वतःची. लिहितात, "माई, वय ४७ झालं. सोमवार ते शनिवार काम करतो. गुडघे बोलायला लागलेत. बायको वेअरहाऊसमध्ये शिफ्टला, ती घरी येते तेव्हा मी निघतो. रोज चार वाजता घरी यायचं ठरवलं होतं, पण आठवडाभरच जमलं. पैसे कमी पडतील, गिऱ्हाईक तुटेल, पेन्शनचं काय होईल, ही भीती आहेच. मुलाला हाच धंदा शिकवावा का? आणि पर्वरीला फ्लॅट घेऊन ठेवावा का?"

फ्लॅटचं आणि मुलाचं शेवटी बघू. मी अडले ती "रोज चार वाजता" इथे.

अहो, सरकारी कचेरीतले कारकून आहात का तुम्ही? पावणेचारला बॉयलर उघडा पडलाय, घरात गारठा, म्हातारी शाल गुंडाळून तुमच्याकडे बघत बसलीय, आणि तुम्ही घड्याळ बघून बॅग आवरणार? नाही आवरणार. आपल्या माणसांकडून ते होत नाही, आणि होऊही नये. म्हणून जो कोणी मला विचारतो त्याला मी एकच सांगते, घरचे कंटाळले तरी सांगते: तास कमी करायला जाऊ नका, दिवस कमी करा. आठवड्यातला एक दिवस पूर्ण बंद. व्हॅन जागची हलता कामा नये.

यामागे हिशेब आहे. आमचे हे लंडनला, साउथॉलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. व्हॅनमध्ये रात्री हत्यारं राहिली की सकाळी दार वाकवलेलं सापडणार, हे तिकडच्या प्रत्येक कारागिराला ठाऊक. मागच्या दारावर 'आत हत्यारं नाहीत' असं स्टिकर लावलेलं, तरीही रोज रात्री ड्रिल, मीटर, केबलची रिळं, सगळं उचलून घरात आणायचं. आमच्या पॅसेजमध्ये मुलांच्या शाळेच्या बुटांशेजारी ड्रिलची पेटी असायची, आणि अंधारात तिला ठेचकाळला नाही असा पाहुणा आमच्याकडे येऊन गेला नाही. सकाळी पुन्हा सगळं गाडीत. मग मालाच्या दुकानात रांग, मग पार्किंग शोधा. पहिला स्क्रू फिरायच्या आत दीड तास गेलेला. दोन तास आधी घरी आलात तरी हा दीड तास वाचत नाही. दिवस बंद ठेवलात तर तोही वाचतो, वर डिझेल वाचतं.

माझे वडील गोव्यातल्या कवळ्याचे मेस्त, म्हणजे सुतार. अमावस्येला त्यांनी कधी वाकसाला, लाकूड तासायच्या हत्याराला, हात लावला नाही. भाटकाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरचं दार लग्नाच्या तोंडावर अर्धवट राहिलं असलं तरी नाही. आणि भाटकारही त्या दिवशी माणूस धाडत नसे, कारण अख्ख्या गावाला माहीत होतं. ते "आज जरा लवकर जातो" म्हणाले असते, तर कुणी सोडलं असतं का?

आता पैसे. सहातला एक दिवस गेला की सहावा हिस्सा गेला, असं तुम्ही धरून चाललात. जरा कागद घ्या. समजा नुसत्या मजुरीचे वर्षाला ४८,००० पौंड येतात. पाच दिवसांचे होतील ४०,०००. दर दहा टक्क्यांनी वाढवा, झाले ४४,०००. तूट ४,००० ची. पण या थरातल्या नफ्यावर तुम्ही २० टक्के आयकर आणि ६ टक्के नॅशनल इन्शुरन्स (पेन्शनसाठीची सरकारी वर्गणी) भरता, म्हणजे त्यातले १,०४० तसेही तुमचे नव्हतेच. हातातून जातात २,९६०, महिन्याला अडीचशेच्या आत. व्हॅनचा विमा, गॅस सेफची (गॅसचं काम करायला लागणाऱ्या नोंदणीची) वार्षिक फी, पब्लिक लायबिलिटी (कामात दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) यांत मात्र एक पैसा सूट मिळणार नाही. दिवस कमी केलात तरी ते पूर्णच भरायचे, म्हणूनच दर न वाढवता दिवस कमी करणं म्हणजे स्वतःला दंड लावून घेणं. गेली किती वर्षं जुनाच दर चाललाय, हे पत्रात लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज आहे. आपल्या लोकांना दर वाढवायची लाज फार.

एक खड्डा आहे तो सांगते. ३१ जानेवारी आणि ३१ जुलैला आगाऊ कर भरता, तो मागच्या वर्षाच्या बिलावरून ठरतो. उत्पन्न घटलं तरी हप्ता जुनाच मागतात. अकाउंटंटला सांगून तो कमी करून घेता येतो. पण फार कमी केलात आणि नफा जास्त निघाला तर फरकावर व्याज बसतं, तेव्हा नेमका अंदाज द्या.

गिऱ्हाईक तुटेल म्हणता. थोडं तुटू दे. रात्री साडेनऊला "जरा येऊन बघता का" म्हणून फोन करणारं आधी. घरं भाड्याने देणाऱ्या मालकांची गॅस तपासणी धरून ठेवा, ती त्यांना कायद्याने दर १२ महिन्यांनी करावीच लागते आणि तारीख तुम्ही आधी ठरवू शकता. तातडीची कामं ओळखीच्या दुसऱ्या प्लंबरकडे वळवा, तो तुम्हाला त्याची जड कामं देईल. आणि सुरुवात एप्रिल-मेमध्ये करा. ऑक्टोबरात हीटिंग सुरू झालं की फोन थांबत नाही, तेव्हा नवीन नियम टिकणार नाही.

कुठला दिवस? वहिनींच्या शिफ्टचा रोटा भिंतीवर असेल, तो बघून ठरवा. आमच्यात बुधवार होता. पहिल्या बुधवारी हे उठून गॅरेज आवरायला निघाले, मी चावी काढून घेतली. आणि हो, त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बसून कोटेशनं लिहायची नाहीत. कोटेशन हेही कामच.

पेन्शनची काळजी सोडा. २०२५-२६ मध्ये वर्षाचा नफा ६,८४५ पौंडांच्या वर असला की ते वर्ष धरलं जातं, तुम्ही त्याच्या कितीतरी वर आहात. पूर्ण पेन्शनला ३५ वर्षं लागतात, आपली किती झाली ते सरकारी साइटवर दिसतं. फक्त एवढं लक्षात ठेवा, पुढे गोव्यात येऊन राहिलात तर ती पेन्शन सुरुवातीच्या आकड्यावरच थांबते, तिकडच्यासारखी दरवर्षी वाढत नाही.

मुलाला धंदा शिकवायचा का, हे मला कशाला विचारता, त्याला विचारा. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन आठवडे बरोबर न्या, सकाळी व्हॅन त्याला भरू दे.

पर्वरीचा फ्लॅट: भाड्याने देणार असाल तर घरपट्टी, सोसायटी आणि दर पावसाळ्यानंतरची रंगरंगोटी धरून हिशेब करा. चवथीला वर्षातून एकदा येऊन राहायला म्हणून घेणार असाल, तर डिचोलीच्या घराचं छप्पर आधी बघा. तिथे आई राहतात ना?