फवारणीनंतरचं आजारपण

शेतातली औषधं आणि रानातले जीव यांवर सोलापूर जिल्ह्यातून आलेले चार प्रश्न.

डाळिंबाच्या बहारात मधपेट्या ठेवल्या होत्या. शेजारी फवारणी झाली तेव्हा माश्या मेल्या नाहीत, पण काही आठवड्यांनी सुरकुतलेल्या पंखांच्या माश्या पेटीपुढे रांगू लागल्या. फवारणीमुळेच का? (सांगोला)

थेट विषबाधा असती तर एक-दोन दिवसांतच पेटीपुढे माश्यांचा खच पडला असता. सुरकुतलेले पंख ही विषाणूची खूण. तो व्हरोआ नावाची तांबूस गोचीड पसरवते, आणि धडधाकट दिसणाऱ्या पेटीतही तो दबून असतो. 2013 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं, की क्लोथियानिडिन आणि इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशकं माशीला मारणार नाहीत इतक्या कमी मात्रेतही तिची प्रतिकारशक्ती पाडतात आणि दबलेला विषाणू उसळतो. क्लोरपायरीफॉस या दुसऱ्या कीटकनाशकाने मात्र तसं झालं नाही. म्हणून शेजाऱ्याशी भांडायला जाण्याआधी त्याने कोणता डबा फोडला ते विचारा, आणि पेटीतली मेणाने बंद केलेली पिल्लांची घरं उघडून गोचीड तपासा. माश्या पेटीत परतल्यावर संध्याकाळी फवारा, असं आपण सांगतो. पण इमिडाक्लोप्रिड आंतरप्रवाही आहे, म्हणजे झाडाच्या रसात भिनतं आणि मकरंदात उतरतं. फुलं असेपर्यंत ते नकोच.

नान्नजच्या माळावर केस झडलेलं खोकड दिसतं. लोक ज्वारीवरच्या औषधाला दोष देतात. (उत्तर सोलापूर)

खरूज असावी. ती कातडीत बिळं करणाऱ्या किडीने होते आणि गावच्या कुत्र्यांकडूनही येते. ज्वारीपेक्षा मला उंदरांच्या गोळ्यांचा संशय जास्त. कॅलिफोर्नियात खरुजेने मेलेल्या बॉबकॅट या रानमांजरांच्या यकृतात रक्त गोठू न देणारी उंदीरनाशकं सापडली. पुढे ही विषं अंगात गेलेल्या बॉबकॅटच्या प्रतिकारशक्तीतले बिघाडही दिसले. आपल्याकडचं ब्रोमाडिओलोन त्याच कुळातलं. ते खाल्लेला उंदीर तीन-चार दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर हिंडतो, खोकडाला आणि घुबडाला आयता सापडतो, आणि विष त्यांच्या यकृतात महिनोन्‌महिने मुरून राहतं. या खोकडाला नेमकं काय झालंय ते तपासणीशिवाय कुणीच छातीठोक सांगू नये. मेलेले उंदीर बांधावर फेकण्याऐवजी खोल पुरणं मात्र आजपासून जमेल.

उसातल्या अ‍ॅट्राझिनने ओढ्यातल्या बेडकांना काय होतं? तणनाशक तर झाडांसाठी असतं. (करमाळा)

फटका दोन बाजूंनी बसतो. अ‍ॅट्राझिन पाण्यावर तरंगणारं शेवाळ मारतं. ऊन तळापर्यंत पोचतं, दगडांवरचं शेवाळ वाढतं, ते खाणाऱ्या गोगलगायी वाढतात. बेडकांना लागणारे चपटे कृमी याच गोगलगायींत वाढतात. दुसरीकडे बेडकाच्या पिल्लाची या कृमींना रोखण्याची ताकदही घटते. अमेरिकेत 2008 मध्ये हे दोन्ही एकत्र दाखवलं गेलं. खताचं पाणी ओढ्यात गेलं की गोगलगायींना आणखीच रान मोकळं. ओढ्याकाठचा गवताचा पट्टा नांगरू नका, पंप ओढ्यात धुऊ नका.

शेतात मोर मरून पडला आहे. काय करू? (माढा)

हात लावू नका, पुरू नका. बर्ड फ्लूही असू शकतो. वनविभागाला 1926 वर कळवा. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये येतो, त्यामुळे पंचनामा होईलच. अन्नपिशवी आणि यकृताचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा असं आवर्जून सांगा, आणि आसपास बीजप्रक्रिया केलेलं, म्हणजे औषध चोळलेलं, बियाणं सांडलंय का, हेही दाखवा.